ट्रॅक्टर-जीपवरचे जादा दिवे : तार, फ्यूज आणि परतीची वाट

उमरगा हे धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे, कर्नाटकाच्या सीमेला भिडलेले तालुक्याचे ठिकाण पुणे-सोलापूर-हैदराबाद मार्गावर वसलेले आहे. पूर्वी ९ आणि आता ६५ हा क्रमांक असलेला हा राष्ट्रीय महामार्ग सोडून वाहन शिवाराकडे वळले, की थोड्याच अंतरावर काळ्या मातीच्या पाणंदी सुरू होतात. त्या उन्हाळ्यात घोटाभर धुळीने भरलेल्या असतात आणि पावसाळ्यात चिखलाने चाके धरून ठेवतात. रस्ता नसलेल्या जागी चालणारे वाहन म्हटले की जाहिरातींमुळे डोंगर चढणारी महागडी जीप डोळ्यांपुढे येत असली, तरी या भागात ते काम मुख्यतः ट्रॅक्टर करतो, आणि त्याच्या जोडीला जुन्या जीप, ट्रॅक्स, बोलेरो अशी वाहने असतात. ही वाहने कारखान्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यावर दिवे, हॉर्न आणि स्टार्टर यांच्यापुरतीच विद्युतयोजना असते. पुढे मालक आपल्या गरजेप्रमाणे किंवा हौसेप्रमाणे तिच्यात भर घालतो: रात्रीच्या नांगरटीसाठी मागचा फोकस, पुढे एलईडीची पट्टी, टेप आणि ॲम्प्लिफायर, मोबाइलचा चार्जर, फवारणीचा छोटा पंप, आणि उसाच्या हंगामात ट्रॉलीचे दिवे. मूळ योजनेबाहेरच्या अशा सर्व साधनांना येथे ‘जोड उपकरणे’ म्हटले आहे.

या उपकरणांची खरेदी जितक्या उत्साहाने होते तितक्या काळजीने त्यांचे वायरिंग होत नाही. त्यातही पुढचा झोत आणि आवाज यांवर पैसा खर्च होतो आणि ट्रॉलीच्या पाठीमागील तांबड्या दिव्याच्या वाट्याला उरलीसुरली तार येते. वास्तविक अपघात टाळण्याच्या दृष्टीने हा क्रम नेमका उलटा असायला हवा. तो उलटा का असावा हे समजण्यासाठी मात्र आधी तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाचा हिशेब समजून घ्यावा लागतो. तो अवघड नाही, आणि गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही तो कागदावर मांडता येतो.

वाहनाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो, म्हणून बारा व्होल्टची म्हटली जाणारी बॅटरी पूर्ण भरलेली असताना प्रत्यक्षात १२.६ व्होल्टच्या आसपास असते; इंजिन चालू होऊन अल्टरनेटर तिला चार्ज करू लागला, की हाच आकडा १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. व्होल्ट हे विजेला पुढे ढकलणाऱ्या दाबाचे माप आहे, अँपिअर हे प्रत्यक्ष वाहणाऱ्या प्रवाहाचे, आणि वॅट हे त्या दोहोंच्या गुणाकारातून होणाऱ्या कामाचे. ५५ वॅटचे दोन फोकस लावले तर एकूण ११० वॅट होतात, आणि त्यांना १२ ने भागले की सुमारे ९.२ अँपिअर हा प्रवाह मिळतो. घरातल्या २३० व्होल्टवर तेवढ्याच वॅटना अर्धा अँपिअरही लागत नाही. दाब कमी असला की त्याच कामासाठी प्रवाह वाढतो आणि प्रवाह वाढला की तार जाड लागते, ही वाहनाच्या वायरिंगमधील मूळ अडचण आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप, जिच्या वंशातील गाड्यांची जुळणी महिंद्रा कंपनीने पुढे मुंबईत सुरू केली, ती तर ६ व्होल्टवर चालत असे. तिथे हाच प्रवाह दुप्पट होई, आणि मोटारगाड्यांनी पुढे १२ व्होल्टचा आणि मोठ्या ट्रकांनी २४ व्होल्टचा मार्ग धरला, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

प्रत्येक तार प्रवाहाला थोडाफार विरोध करते. विहिरीवरच्या मोटारीने पाणी कितीही जोरात ढकलले, तरी लांब आणि अरुंद पाइपाच्या शेवटच्या तोटीला ते मंद धारेनेच पोहोचते, तसेच तारेत दाबाचे होते. दुकानात ज्याला ‘अडीच एमएम’ म्हणतात ते तारेच्या व्यासाचे माप नसून आतल्या तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ आहे, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर. वरचे प्लास्टिक जाड असल्याने तार जाड दिसते, म्हणून फसायला होते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा विरोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. बॅटरीपासून फोकसपर्यंत अशी पाच मीटर तार गेली, तर विरोध ०.०८६ ओहम होतो आणि त्यातून ९.२ अँपिअर वाहिले, की जवळपास ०.८ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. त्याच जागी चार चौरस मिलिमीटरची तार घातली तर हा तोटा ०.२ व्होल्टवर येतो. ०.८ व्होल्ट म्हणजे काहीच नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हॅलोजन किंवा साध्या बल्बाचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात कमी न होता त्याहून फार वेगाने कमी होतो: १३.२ व्होल्टवर चालणाऱ्या बल्बाला १२ व्होल्टच मिळाले, म्हणजे दाब ९ टक्क्यांनी उतरला, तर प्रकाश सुमारे २८ टक्क्यांनी घटतो. मंद दिवा पाहून मालक अधिक वॅटचा बल्ब आणतो, त्याने प्रवाह वाढतो, तारेतला तोटाही वाढतो आणि तार गरम होऊ लागते. अशा वेळी बल्ब न बदलता तार बदलली असती, तर कमी खर्चात काम झाले असते.

तारेच्या जातीकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. घराच्या भिंतीत घालायची मोजक्या, जाड तारांची वायर ट्रॅक्टरवर वापरली, तर इंजिनच्या सततच्या थरथरीने तिचे तांबे थिंबलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीपाशी, तुटत जाते आणि बाहेरून ती धडधाकट दिसत राहते. वाहनाच्या तारेत बारीक तांब्याच्या अनेक तारा पिळलेल्या असतात, त्या हा हादरा सोसतात. साध्या वायरीचे वेष्टण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकण्यासाठी केलेले असते, तर वाहनासाठीच्या चांगल्या तारांचे १०५ अंशांपर्यंत, आणि मे महिन्यात बाहेरच चाळिशीपार गेलेल्या उन्हात बॉनेटखाली किती उष्णता साठत असेल याचा विचार केला तर हा फरक किरकोळ राहत नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असल्याने अशी अडीचची तार प्रत्यक्षात दीडच्या तांब्याच्या तारेइतकेच काम करते. तिची परीक्षा सोपी आहे: ब्लेडने एक तार खरवडली आणि आत पांढुरका धातू दिसला, की ती तांब्याची नव्हे.

फ्यूजविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. फ्यूज उपकरणाला वाचवतो असे मानले जाते, प्रत्यक्षात तो तारेला वाचवतो. बॅटरीत साठलेली ऊर्जा मोठी असते. स्टार्टर फिरवताना ती शंभर-दोनशे अँपिअर सहज देते, आणि उघड्या तारेने लोखंडाला स्पर्श केला तर त्याहूनही अधिक. जोड तार बॉनेटमधून केबिनकडे नेताना पत्र्याला भोक पाडले आणि त्यात रबराची कडी, जिला ग्रोमेट म्हणतात, ती बसवली नाही, तर पत्र्याची धार रोज थोडे थोडे प्लास्टिक कापत राहते. काही महिन्यांनी तांबे पत्र्याला टेकते, शेकडो अँपिअर प्रवाह त्या बारीक तारेतून धावतो, वेष्टण पेटते, आणि शेजारून डिझेलची नळी गेलेली असते. म्हणून फ्यूजची जागा दिव्याजवळ नसून बॅटरीजवळ, शक्यतो वीतभर अंतरात असते. फ्यूजच्या अलीकडचा तारेचा तुकडा हा पूर्ण बेवारस असतो, त्यामुळे तो जितका आखूड तितके बरे. फ्यूजचा आकडा ठरवताना उपकरणाच्या प्रवाहाहून थोडा वरचा आणि तारेच्या सहनशक्तीहून नक्की खालचा असे दोन्ही निकष एकदमच पाळावे लागतात. वर सांगितलेल्या ९.२ अँपिअरच्या जोडीला अडीचची तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. चपट्या फ्यूजच्या रंगांचा संकेत ठरलेला आहे: १० चा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. निळा वारंवार उडतो म्हणून हिरवा बसवणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे, म्हणजे बिघाड तसाच ठेवून पहारेकऱ्याला रजा देणे होय.

जुन्या जीपमध्ये आणि बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत हेडलाइटचा सगळा प्रवाह चालकासमोरच्या स्विचमधूनच जातो. ६०/५५ वॅटच्या दोन बल्बांना तो कसाबसा पुरतो; हौसेने १००/९० वॅटचे बल्ब लावले, की अप्परवर सुमारे १७ अँपिअर त्या स्विचमधून जाऊ लागतात, त्याचे आतील पितळी पान तापते आणि प्लास्टिक वितळून खटका चिकटतो. यावरचा उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेनेच चालणारा स्विच असून त्याची रचना उघडून पाहण्यासारखी आहे. काळे झाकण काढले की केसाइतक्या बारीक, लाख चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे दिसते. त्याच्या मध्यभागी लोखंडाचा दांडा असतो, वर स्प्रिंगने उचलून धरलेली लोखंडी पट्टी असते आणि तिच्या टोकाला चांदीच्या मिश्रधातूचा एक ठिपका. वेटोळ्याचा विरोध साधारण ८० ते ९० ओहम असल्याने त्यातून एका अँपिअरचा सहावा-सातवा हिस्साच वाहतो, पण तेवढ्याने दांडा चुंबक बनतो, पट्टी खाली ओढली जाते, ‘टिक्’ असा आवाज होतो आणि चांदीचे दोन ठिपके एकमेकांना भिडून ३० किंवा ४० अँपिअरची वाट मोकळी होते. चालकाच्या हाताखालचा छोटा खटका आता वेटोळ्याचा किरकोळ प्रवाहच हाताळतो, आणि जाड तार बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे थेट दिव्याकडे जाते. तिला डॅशबोर्डपर्यंत वळसा घालावा लागत नाही.

रिलेच्या पायांवरील आकडे जर्मन मानकातून आले असून ते बहुतेक कंपन्यांच्या रिलेंवर सारखेच असतात. ८५ आणि ८६ हे वेटोळ्याचे दोन पाय, ३० हा बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेचा आणि ८७ हा दिव्याकडे जाणाऱ्या तारेचा. पाच पायांच्या रिलेत मधोमध ८७ए असा आणखी एक पाय असतो आणि तो रिले विसावलेला असताना ३० शी जोडलेला असतो. दोन दिव्यांना दोन पाय हवेत अशा समजुतीने एक दिवा ८७ ला आणि दुसरा ८७ए ला जोडला, तर खटका बंद असताना दुसरा दिवा लागून राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. वेटोळ्याचा प्रवाह तोडला की त्यातील चुंबकत्व कोसळताना क्षणभर कित्येक पटींनी मोठा उलटा दाब निर्माण होतो, म्हणून चांगल्या रिलेत वेटोळ्याला समांतर एक रोधक किंवा डायोड बसवलेला असतो. २०२० नंतरच्या थारसारख्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाची नजर असते, तेथे तर असा रिले आणि वेटोळ्याला मिळणारा स्वतंत्र खटका यांच्याशिवाय जोड दिवा लावूच नये. मूळ तारेला चिमटा घेऊन काढलेली फांदी त्या यंत्रणेला बिघाड वाटते. ज्या वाहनांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारे सेन्सर असते तेथे जोड उपकरणाची अर्थ, म्हणजे परतीची तार, त्या टोकावर न लावता चॅसीवर घ्यावी, नाहीतर सेन्सरला चुकवून गेलेला हा प्रवाह बॅटरीचा हिशेब बिघडवतो.

जोड हा तारेचा सर्वांत दुबळा भाग असतो. दोन टोके सोलून पीळ देणे आणि वरून काळी टेप गुंडाळणे ही पद्धत रस्त्यावर अडलेले वाहन घरी आणण्यापुरती ठीक आहे. पण उन्हाने टेपचा गोंद सुटतो, धूळ त्याला चिकटते, पावसाळ्यात पाणी आत शिरते, तांबे हिरवे पडते आणि जोडाचा विरोध वाढून तेथेच उष्णता साठू लागते. योग्य मापाची थिंबल क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून तिच्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवली, तर जोड कित्येक हंगाम टिकतो. कथिलाचा डाख अधिक पक्का असा समज आहे, परंतु डाखाने तारेचा तेवढा भाग ताठ होतो आणि थरथरीत ती डाख संपतो त्या रेषेवर मोडते. म्हणून डाख दिलाच तर पुढील तारेला क्लिपेचा आधार द्यावा लागतो.

आता जमाखर्च. अनेक ट्रॅक्टरांवर १२ व्होल्टचा ३६ ते ४२ अँपिअरचा अल्टरनेटर आणि ७५ ते ८८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. अँपिअर-तास म्हणजे किती प्रवाह किती तास देता येईल याचा गुणाकार. अल्टरनेटरवरचा आकडा इंजिन वेगात असतानाचा असतो, मंद वेगावर तो बराच खाली येतो. हेडलाइटचे ९, छोट्या दिव्यांचे ३, दोन फोकसांचे ९, १२० वॅटच्या एलईडी पट्टीचे १० आणि खरोखर ३०० वॅट खेचणाऱ्या ॲम्प्लिफायरचे २५ अशी बेरीज केली, तर ती ५६ अँपिअर होते. ३६ अँपिअर पूर्ण मिळाले तरी उरलेले २० बॅटरीतून जातात, आणि ७५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यावर यायला दोन तासही लागत नाहीत. साखर कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन बंद आणि टेप चालू, अशी स्थिती असेल तर जमेची बाजू शून्यच असते. मोठी बॅटरी बसवणे हा यावरचा उपाय नव्हे. बॅटरी साठवते, निर्माण करत नाही. बंद उभ्या वाहनातही चार्जर किंवा टेपच्या घड्याळासारखे साधन ५० मिलिअँपिअर खेचत राहिले, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास निघून जातात. म्हणून हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर उभा करताना बॅटरीचे टोक काढून ठेवणे इष्ट असते. काढताना आधी ऋण टोक आणि जोडताना ते शेवटी, हा क्रम पाळावा लागतो, कारण धन टोक आधी सोडवायला गेल्यास पाना चुकून पत्र्याला लागला की पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते.

एलईडीने हा ताळेबंद पुष्कळ हलका केला आहे, यात शंका नाही. १८ वॅटचा एलईडी दिवा दीड अँपिअरच खेचतो आणि शेतात ५५ वॅटच्या हॅलोजनची जागा बऱ्याच प्रमाणात घेतो. मात्र अनेक एलईडी दिव्यांतील नियंत्रक वॅट कायम राखत असल्याने, दाब उतरला की ते प्रवाह कमी न करता उलट वाढवतात, त्यामुळे त्यांनाही बारीक तार चालतेच असे नाही. शिवाय त्यांची उष्णता पुढच्या काचेतून न जाता पाठीवरील पात्यांतून बाहेर पडते, आणि त्या पात्यांत काळ्या मातीचा चिखल वाळून बसला, तर दिवा आतल्या आत भाजून लवकर अंधुक होतो.

या सगळ्या वायरिंगमध्ये सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे परतीची वाट. प्रवाह बॅटरीच्या धन टोकातून निघून दिव्यात जातो आणि त्याला ऋण टोकाकडे परत यावेच लागते. वाहनात हे काम चॅसीचे लोखंड करते, त्यालाच ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. येणाऱ्या तारेइतकाच प्रवाह या वाटेनेही जातो, तरीही धन बाजूला चारची तार घालणारा कारागीर अर्थसाठी रंग न खरवडलेल्या बोल्टाखाली बारीक तार दाबतो. रंग, गंज आणि ग्रीस हे तिन्ही वीज अडवतात. अर्थच्या जागेचा रंग घासून धातू उघडा करणे, दातेरी वॉशर घालून थिंबल आवळणे आणि वरून ग्रीसचा किंवा रंगाचा लेप देणे, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लेप शेवटी, आधी नाही.

ट्रॉलीच्या बाबतीत हीच गोष्ट जिवावर बेतते. उमरगा तालुक्यात मुरूमचा विठ्ठलसाई आणि समुद्राळचा भाऊसाहेब बिराजदार असे सहकारी साखर कारखाने आहेत; गाळप हंगाम सुरू झाला, की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, अशी वाहतूक पाणंदीतून निघून रात्री महामार्गावर येते. मागून येणाऱ्या वेगवान वाहनाला या संथ, रुंद आणि काळसर आकाराची चाहूल देणारी वस्तू म्हणजे शेवटच्या ट्रॉलीचा ५ वॅटचा तांबडा दिवा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी एकच लोखंडी खीळ असते, आणि वेगळी अर्थ तार नसेल तर सर्व दिव्यांचा परतीचा प्रवाह त्या खिळीतून जातो. खीळ ग्रीसने माखलेली असते, हादऱ्याने हुकात उडत असते, आणि दर उडीला अर्थ तुटते. अशी बिघडलेली अर्थ ओळखण्याची खूण ठरलेली आहे: ब्रेक दाबला की टेललाइट मंद होते, किंवा डावे इंडिकेटर लावले की उजवीकडचा दिवाही फडफडतो. परतीची वाट बंद झालेला प्रवाह दुसऱ्या बल्बाच्या तंतूतून उलटा शिरून वाट शोधतो, म्हणून हे घडते. बल्ब, फ्लॅशर आणि स्विच यांच्यावर पैसे घालवण्याआधी ट्रॉलीच्या चॅसीपासून ट्रॅक्टरच्या चॅसीपर्यंत एक तार तात्पुरती लावून पाहिली, की बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

ट्रॉलीसाठी सात पिनांचा सॉकेट असतो, त्यातील ३ क्रमांकाची पिन याच अर्थसाठी राखलेली असते. १ आणि ४ इंडिकेटरच्या, ५ आणि ७ टेललाइटच्या, ६ ब्रेकच्या दिव्याची. तिसऱ्या पिनेला येणारी तार इतरांपेक्षा जाड हवी, कारण सर्वांचा प्रवाह तिच्यातून परततो. दोन ट्रॉल्यांमागच्या दिव्यापर्यंत तारेची लांबी सहज १५ मीटर होते. तिथे अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार घातली, तर २१ वॅटच्या दोन ब्रेक-बल्बांच्या साडेतीन अँपिअरला जाताना १.८ व्होल्ट आणि अर्थही तितकीच बारीक असल्यास परतताना तेवढेच व्होल्ट गमवावे लागतात. अशा दिव्याचा प्रकाश निम्म्याहूनही खाली येतो, आणि दोष बल्बाच्या माथी मारला जातो. अडीचच्या तारेने हाच तोटा एका दिशेला ०.४ व्होल्टच्या आत राहतो. ही तार ट्रॉलीच्या खालून मोकळी न सोडता चॅसीच्या पन्हळीच्या आतून, नालीदार पाइपात घालून, हातभर अंतरावर क्लिपा देत न्यावी लागते, कारण ऊस उतरवताना लोंबणारी तार अडकते आणि कापलेल्या पिकाचे खुंट तिला ओढतात. दोन ट्रॉल्यांमधील तुकड्याला वळणासाठी पुरेसा ढील हवा, पण तो चाकाला किंवा जमिनीला लागेल इतका नको.

पुढच्या बाजूच्या जोड दिव्यांवर कायद्याचीही मर्यादा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट ठेवता येत नाही, आणि नियम ११९ प्रमाणे अनेक सुरांचा किंवा कर्कश हॉर्न चालत नाही. शेतात कामाला येणारा फोकस महामार्गावर समोरच्याचे डोळे दिपवतो, म्हणून त्याचा खटका हेडलाइटच्या खटक्यापासून वेगळा ठेवणे आणि डांबरीवर चढण्याआधी तो बंद करणे ही वायरिंग करतानाच ठरवायची बाब आहे. त्याच नियमावलीतील नियम १०४ ट्रॉलीसकट बहुतेक वाहनांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक तांबडा परावर्तक बंधनकारक करतो. परावर्तकाला ना बॅटरी लागते ना अर्थ. तार तुटली आणि बल्ब गेला तरी मागून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश तो परत पाठवतो, मात्र त्यावर चिखल बसलेला नसेल आणि खाली लोंबणारे उसाचे वाढे त्याला झाकत नसेल तरच. भरलेली ट्रॉली फडातून बाहेर काढताना परावर्तकावरून ओल्या कापडाने हात फिरवणे, वाढे कापून टाकणे आणि एकाने ब्रेक दाबून दुसऱ्याने मागे उभे राहून दोन्ही दिवे पाहणे, याला काही मिनिटे लागतात.